धृपद धरणारी पोरं

ज्येष्ठ महिन्यात मुक्ताईनगरजवळच्या कोथळीहून संत मुक्ताबाईंची पालखी निघते, तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या उन्हाचा ताव अजून उतरलेला नसतो. विहिरीला पाणी असलेल्यांनी कपाशीची सरकी टोकलेली असते, बाकीच्यांची जमीन पावसाची वाट बघत पडलेली असते. पंढरपूर इथून सहाशे किलोमीटरच्याही पुढे. बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे ओलांडत जवळजवळ महिनाभर चालायचं असतं, म्हणून ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून हलायच्या कितीतरी आधी धाकट्या बहिणीची पालखी वाटेला लागते. या दिंड्यांत म्हातारे असतात, बायाबापड्या असतात आणि टाळकऱ्यांच्या रांगांत दहा-बारा वर्षांची पोरं असतात. अंगात पांढरी बंडी, कपाळी गोपीचंदन आणि बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, हातात काशाचे टाळ. गायक अभंगाचं चरण टाकतो, रांगा ते उचलतात. त्या उचलण्यात सर्वांत वर जो कोवळा, धारदार आवाज ऐकू येतो तो या पोरांचा.

खान्देशात मुलांचा गायकवृंद शोधायचा तर तो इथे शोधावा लागतो. त्याला स्थापनेचं वर्ष नाही, मानधन नाही, परदेश दौरे नाहीत, ध्वनिमुद्रिका नाहीत. त्यामुळे संगीताच्या इतिहासात त्याची नोंद ‘भजनी मंडळी’ या दोन शब्दांत आटोपते. हा अन्याय आहे असं माझं मत आहे. तो का, हे सांगायचं तर आधी जगातल्या नावाजलेल्या मुलांच्या वृंदांकडे बघावं लागेल.

युरोपात मुलांचे वृंद जन्मले ते मुळात बायकांच्या बंदीतून. चर्चच्या उपासनेत स्त्रियांनी गाऊ नये असा शतकानुशतकांचा दंडक होता. पण वरच्या पट्टीतले सूर तर हवे होते. मग ते मुलांकडून गाऊन घ्यायचे. जर्मनीतल्या लाइप्झिग शहराच्या सेंट थॉमस चर्चचा वृंद 1212 पासूनचा. योहान सेबास्टियन बाख 1723 ते 1750 त्याचा प्रमुख होता. व्हिएन्नात 1498 साली सम्राट पहिला माक्सिमिलिअन याने दरबारी प्रार्थनामंदिरासाठी मुलं ठेवायचा हुकूम काढला. साम्राज्य 1918 साली बुडालं, मुलांचे पगार बंद झाले, तेव्हा 1924 मध्ये तो वृंद नव्याने उभा करावा लागला. आजचा जगप्रसिद्ध ‘व्हिएन्ना बॉइज क्वायर’ तो हाच. शंभरेक मुलं, त्यांच्या चार तुकड्या, आणि तुकड्यांना ब्रुकनर, हायडन, मोत्सार्ट, शुबर्ट अशी संगीतकारांची नावं. एक तुकडी घरी असते तेव्हा दुसरी जपानात किंवा अमेरिकेत गात असते.

या सगळ्या वैभवाला एक शाप असतो. मुलगा मोठा होतो. वयात येताना स्वरयंत्र वाढतं, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. उतरताना तो सरळ उतरत नाही. काही महिने चिरकतो, घसरतो, मधले सूर लागेनासे होतात. बाखच्या काळच्या लाइप्झिगमधल्या नोंदींवरून संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा त्या मुलांचा आवाज सरासरी सतराव्या वर्षाच्या आसपास फुटत होता असं दिसलं. युद्धाच्या आणि टंचाईच्या वर्षांत तर आणखी उशिरा. कोपनहेगनच्या गानशाळेतल्या नोंदी सांगतात की 1994 मध्ये हे वय 14 होतं आणि 2003 पर्यंत ते 13.6 वर आलं. खाणंपिणं सुधारलं तशी पोरं लवकर मोठी झाली आणि वृंदांच्या हातचा एकेक मुलगा तीन-तीन वर्षांनी आधी निसटू लागला. म्हणजे शिकवायला चार वर्षं घालवायची आणि फळ चाखायला दोन-तीनच मिळायची.

निसटलेल्या मुलाचं काय होतं? सर्वांत गाजलेलं उदाहरण योझेफ हायडनचं. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये तो लहानपणापासून गात होता. आवाज फुटला, गाणं बिघडलं, आणि 1749 साली सतरा वर्षांच्या हायडनला बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. निमित्त काय, तर त्याने पुढच्या मुलाची वेणी कापली! पुढे तो युरोपचा सर्वांत मान्यवर संगीतकार झाला ही गोष्ट निराळी. त्या दिवशी त्याच्याकडे ना घर होतं ना काम.

आता सतरा वर्षांचाच दुसरा मुलगा बघा. नारायण श्रीपाद राजहंस. जन्म 1888 चा; बालपणातली काही वर्षं जळगावात गेली आणि मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे तिथेच मिळाले. लोकमान्य टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटलं ते तो दहाएक वर्षांचा असताना. हायडनला ज्या वयात हाकललं त्याच वयात, 1905 साली, नारायण किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला आणि शकुंतला होऊन रंगभूमीवर उभा राहिला. इथेही कारण तेच होतं: कुलीन घरच्या बायकांनी नाटकात उभं राहायचं नाही, मग गोड गळ्याची मुलं शोधा. नाटक कंपन्या गावोगाव अशी मुलं शोधत फिरायच्या. मुलांना जेवणखाण, तालीम, गाण्याचा उस्ताद, सगळं कंपनीत. नांदीला सूत्रधाराबरोबर कोरसात उभं राहण्यापासून सुरुवात व्हायची. ज्याचा गळा पुढेही टिकला तो नट झाला. ज्याचा फुटून खरखरीत झाला तो किरकोळ कामं करत राहिला किंवा घरी गेला. घरी गेलेल्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. मास्टर दीनानाथ असेच लहान वयात किर्लोस्कर मंडळीत आले. खान्देशाशी त्यांचं नातं पुढे जुळलं, शिरपूरजवळच्या थाळनेरचे जावई म्हणून; लता मंगेशकरांचं आजोळ ते. जळगावात आजही दर जानेवारीत बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो.

कंपनीबाहेरही मुलांचे सामूहिक आवाज कामाला लावले जात होतेच. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला तसे ‘मेळे’ निघाले: एकसारख्या पोशाखातली मुलं, हातात लेझीम नाहीतर टिपऱ्या, आणि तोंडी देवाच्या नावाखाली राजकारण मुरवलेली पदं. सरकारला ती बरोबर कळायची. धुळ्यात 1895 साली मिरवणुकीच्या वेळी दंगल होऊन गोळीबार झाला आणि ‘खुनी गणपती’ हे नाव पडलं, ते आजतागायत चालू आहे. तिकडे विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा त्यांच्याकडे राहून शिकणारी बरीच पोरं इकडचीच होती. विनायकबुवा पटवर्धन लहान वयात तिथे गेले. पलुसकर या मुलांना ओळीने बसवून प्रार्थना आणि भजनं एका सुरात गाऊन घेत. शास्त्रीय गाणं एकट्याचं, या समजुतीला त्यांनी दिलेला हा धक्का फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला नाही.

अमळनेरचा प्रकार आणखी वेगळा. बोरी नदीकाठी सखाराम महाराजांची वाडी आणि वैशाखातला रथ यांनी गावाला भजनाची सवय आधीच लावलेली होती. 1924 साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे शिक्षक प्रताप हायस्कुलात रुजू झाले आणि पुढे वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे आलं. मुलांच्या खोल्या झाडणारे, अंथरुणं आवरून ठेवणारे, मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढणारे साने गुरुजी संगीतशिक्षक मुळीच नव्हते. 1930 साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेतली तीही त्यांनीच. पण महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या शाळकरी मुलांनी सकाळच्या परिपाठाला जे मानवधर्माचं गीत एका आवाजात म्हटलं ते गुरुजींचं. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी ते गावोगाव नेलं. सूर कच्चे, कोणाचा आवाज फुटलेला, कोणाचा फुटायचा, कोणी नुसतेच ओठ हलवणारे. तरी ती प्रार्थना उभी राहायची. त्या काळच्या प्रभातफेऱ्याही तशाच, गाणी म्हणत रस्ते जागे करणाऱ्या. मुलांच्या अशा घोळक्यांची सरकारला किती धास्ती होती ते नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 रोजी दिसलं: पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथी पडले. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता.

ही सगळी उदाहरणं मोलाची आहेत, पण पलुसकरांचं विद्यालय सोडलं तर यांतलं एकही मुलाला गाणं शिकवून आयुष्यभर गाण्यात ठेवण्याच्या तयारीने उभं राहिलेलं नव्हतं. गावोगावच्या पोरांसाठी ती तयारी दिसते ती वारकरी संप्रदायात.

विष्णुबुवा जोग हे पुण्याचे. तरुणपणी कुस्तीचे शौकीन, पुढे ज्ञानेश्वरी आणि तुकोबांच्या गाथेत बुडालेले. 1917 साली त्यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तोवर कीर्तनकार तयार व्हायचा तो एखाद्या फडावर, एखाद्या महाराजांच्या मागे फिरून. जोग महाराजांनी त्याला चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचं रूप दिलं. फी नाही. विद्यार्थ्याने माधुकरी मागून पोट भरायचं आणि दिवसभर गीता, ज्ञानेश्वरी, गाथा, हरिपाठ पाठ करायचे, भजन आणि मृदंग शिकायचा. स्थापनेनंतर तीनच वर्षांत, 1920 साली, ते गेले. पण बंकटस्वामी, सोनोपंत दांडेकर अशांनी संस्था चालवली. खान्देशातली पोरंही आळंदीची वाट धरू लागली आणि शिकून परत आलेल्यांनी आपापल्या गावी मुलं बसवायला सुरुवात केली. आज मुक्ताईनगर, अमळनेर, धुळे या पट्ट्यात गावच्या सप्ताहाला जी टाळकरी पोरं उभी राहतात त्यांचं मूळ या परंपरेत आहे.

या गाण्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. नारदीय कीर्तनात बुवा एकटा असतो. साथीला पेटी-तबला असला तरी सगळा डोलारा त्याच्या खांद्यावर. वारकरी कीर्तनात बुवाच्या मागे टाळकऱ्यांची रांग असते, बाजूला पखवाज, एकाच्या गळ्यात वीणा. बुवा अभंगाचं धृपद सांगतो, टाळकरी ते धरतात. मग बुवा निरूपणात कितीही लांब जावो, दृष्टांतावर दृष्टांत रचो, परत येताना त्याने नुसता पहिला शब्द उच्चारला की रांगेने त्याच चालीत, त्याच लयीत धृपद त्याच्या पायाखाली आणून ठेवायचं असतं. मागची रांग ढिली असली तर मोठमोठ्या महाराजांचं कीर्तन बसतं. जाणते श्रोते म्हणूनच बुवाच्या आधी रांगेकडे बघतात.

नवा पोरगा आला की त्याच्या हातात आधी टाळ. टाळाची दोरी मुठीत अशी गुंडाळायची की वाटी मोकळी वाजली पाहिजे, पण हातातून सुटता कामा नये. खालचा टाळ स्थिर, वरचा त्याच्यावर पडतो. पहिले काही दिवस बोटांच्या सांध्यांवर फोड येतात. पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओली कणीक थापलेली असते, तिने त्याला तो घुमारा येतो. मृदंगाचार्य ती थोडी काढून, थोडी वाढवून ठोका जमवत असतात आणि पोरगा टाळ धरून तो ठोका अंगात मुरवत असतो. गाणं त्यानंतर, तेही बसून नव्हे. संध्याकाळच्या हरिपाठाला दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक पाऊल पुढे, एक मागे, मध्येच वाकून टाळ जमिनीलगत, पुन्हा ताठ. याला पावली म्हणतात. पावली टाकताना श्वास कुठे घ्यायचा हे कोणी सांगत नाही. चुकीच्या जागी घेतला तर ओळ तुटते आणि शेजारचा पोरगा कोपर मारतो. व्हिएन्नातल्या मुलाला जे श्वासाचं तंत्र शिक्षक पोटावर हात ठेवून शिकवतो ते इथे पायांतून शिकलं जातं.

आणि मग तेरावं-चौदावं वर्ष येतं. कालपर्यंत रांगेच्या वर तरंगणारा आवाज एका सप्ताहात चिरकायला लागतो. बाकीची पोरं हसतात. पण त्याला रांगेतून काढत नाहीत, हे महत्त्वाचं. त्याच्या हातात टाळ आहे, तो वाजत राहतो. सूर लागत नाही तिथे तो गप्प बसतो, लागतो तिथे उचलतो. मोठी माणसं खालच्या सप्तकात तेच धृपद म्हणत असतात, हळूहळू तो त्यांच्यात उतरतो. कोणी या काळात मृदंगाकडे वळतो. कोणी वीणा घेऊन उभा राहतो, कोणी पाठांतर वाढवून कीर्तनाच्या तयारीला लागतो. दहा वर्षांचा आणि सत्तर वर्षांचा एकाच रांगेत, एकच ओळ म्हणत उभे असतात. युरोपातल्या वृंदांना जो प्रश्न सुटला नाही तो इथे पडलेलाच नव्हता, कारण इथे मुलाचा आवाज दुसऱ्या कोणाच्या जागी उसना आणलेला नव्हता.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा घेऊ नये. वारकरी गायकांना उंच पट्टीचा फार अभिमान. जितकी चढी पट्टी तितका गायक मोठा, हा हिशेब तरण्या गळ्याला परवडतो. आवाज फुटत असलेल्या पोरालाही याच पट्टीत, ध्वनिक्षेपकाच्या भोंग्यांपुढे, सप्ताहामागून सप्ताह ओरडायला लागतं. कापूस वेचून झाल्यावर वैशाखापर्यंत खान्देशात सप्ताहांची रीघ असते आणि चांगल्या टाळकऱ्यांना उसंत नसते. काकडा, हरिपाठ, कीर्तन, जागर असं दिवसातून चार-चार वेळा गायचं. कायमचे घोगरे झालेले गळे या क्षेत्रात पुष्कळ आहेत आणि त्यालाच कमावलेला आवाज म्हणण्याची रीत पडली आहे. कमावलेला आणि खरवडलेला यांत फरक आहे. तो सांगणारे गायनाचार्य आहेत, पण थोडे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. घरापासून दूर, धाकात, देवाच्या नावाने राहणारी लहान मुलं जिथे असतात तिथे बाहेरच्या कोणाची तरी देखरेख लागतेच. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गचा कॅथेड्रल वृंद दहाव्या शतकापासूनची परंपरा सांगणारा, मोठ्या मानाचा. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने दाखवलं की 1945 नंतरच्या काही दशकांत तिथल्या किमान 547 मुलांना मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसावे लागले होते. इतकी वर्षं गावाला फक्त गाणं ऐकू येत होतं. आळंदी परिसरातल्या काही खासगी निवासी संस्थांबद्दलही अलीकडे तक्रारी झाल्या आणि नोंदणी, तपासणी यांचा विषय निघाला. परंपरेची बदनामी म्हणून काहींना तो खुपला. मुलाला तिथे पाठवणारा बाप बहुधा शेतमजूर असतो, फोनवर ‘बरं आहे’ एवढंच ऐकतो आणि विश्वास ठेवतो. त्याच्या वतीने कोणीतरी अचानक जाऊन स्वयंपाकघर आणि झोपायची जागा बघून आलं पाहिजे, यात बदनामीचं काय?

आणि तिसरी गोष्ट खुद्द मुक्ताईची. परंपरेप्रमाणे तिचा जन्म 1279 चा आणि ती 1297 साली तापीकाठी गुप्त झाली, म्हणजे अवघ्या अठराव्या वर्षी. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं मंदिर तिथून जवळच. चौदाशे वर्षं जगल्याची आख्यायिका ज्याच्या नावावर आहे त्या योग्याने या पोरीला गुरू केलं. ज्ञानेश्वर रुसून झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा त्यांची समजूत घालणारे ताटीचे अभंग तिचे. दिंडीतले पोरगे ते मुखोद्गत म्हणतात. पण टाळकऱ्यांची रांग मात्र पिढ्यान्पिढ्या मुलांची आणि पुरुषांची राहिली. बाया मागे, डोक्यावर तुळस घेऊन, आपलं आपलं गात. युरोपातल्यासारखा लेखी मनाईहुकूम इथे नव्हता, तरी घडलं तेच.

आता ते हलतं आहे. मुलींना कीर्तन, भजन, मृदंग शिकवणारे वर्ग निघाले आहेत, महिला कीर्तनकारांच्या तारखा मिळत नाहीत, आणि सप्ताहांत टाळ घेतलेल्या मुली दिसू लागल्या आहेत. व्हिएन्नाच्या संस्थेनेही 2004 साली मुलींचा वृंद वेगळा काढला. खान्देशात वेगळं काढायची गरज पडू नये. गळ्याच्या हिशेबानेही मुली रांगेत सोयीच्या आहेत: वयात येताना त्यांचा आवाज उतरतो तो जेमतेम एक-दोन स्वरांनी. बाराव्या वर्षी मुलीला जी पट्टी बसते ती बहुधा चाळिसाव्या वर्षीही बसते, आणि पोरांचे गळे फुटत असतात त्या दोन वर्षांत वरचं धृपद कोणी धरायचं, हा सप्ताहाच्या आयोजकांचा नेहमीचा घोरही त्यामुळे मिटतो.